ढिले उच्चार

अमिषानं विचारलं होतं ते अगदी साधं होतं. तिला या कामावर येऊन तीन आठवडे झाले होते, आणि जुन्या याद्या साफ करायचं कंटाळवाणं काम नव्या माणसाच्या गळ्यात घालायची रीत त्या ऑफिसातही होतीच. चहाचा कप घेऊन विनेश जागेवर येऊन बसला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात तिचा निरोप होता : ‘ढिले उच्चार’ हा पर्याय नेमका कशाचा आहे? वर्णनावरून कळत नाही. वर्षभरात एकाही कंपनीनं तो चालू केलेला नाही. नाव बदलायचं, की काढूनच टाकायचा? ठेवायचा असेल तर संध्याकाळपर्यंत नवं नाव आणि एका ओळीचं वर्णन द्या. आणि त्याखाली, मागाहून आठवल्यासारखं : सोबत एका बाईच्या आवाजाचे नमुने जोडलेत, बरीच जागा खातात. ते उडवले तर चालेल ना?

विनेशनं कप ठेवला तो टेबलाच्या कडेवर ठेवला गेला. थोडा चहा सांडला. शेजारच्यानं कागदी रुमाल पुढे केला, तो त्यानं घेतला आणि नुसता हातात धरून ठेवला. बेलापूरच्या त्या सहाव्या मजल्यावरच्या खिडक्या उघडत नसत. काचेपलीकडे खाडीला ओहोटी लागली होती, चिखल एप्रिलच्या उन्हात चमकत होता, आणि इतक्या वर त्याचा वास येणं शक्य नसूनही त्याला तो आला. एका बाईच्या आवाजाचे नमुने. अमिषाचं काही चुकलं नव्हतं. फाईलवर ‘वक्ता एक, स्त्री, वय अठ्ठावन्न, किनारपट्टी’ एवढंच होतं, आणि ते त्यानंच लिहिलं होतं. माझी आई नीराबाई, राहणार थळ, असं लिहायची तिथं पद्धत नव्हती.

त्यांची कंपनी बोललेलं मराठी अक्षरांत उतरवणारं पॅकेज बनवत असे. दुसऱ्या कंपन्या ते घेऊन आपापल्या ॲपमध्ये बसवत. त्यांतलं एक ॲप निरोप पाठवायचं होतं, आणि ते थळपासून बेलापूरपर्यंत ज्याच्या त्याच्या फोनमध्ये होतं. पॅकेजबरोबर एक फाईल जाई, तिच्यात पर्यायी सुविधांची यादी : प्रत्येकीला एक नाव, एका ओळीचं वर्णन, आणि पुढे चालू किंवा बंद. घेणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर ही यादी जेवण झाल्यावर जांभया देत दोन मिनिटांत वाचतो, हे विनेशला चांगलं ठाऊक होतं. एखादं नाव नजरेत भरलं तर तो थांबतो, नाहीतर यादी जशी आली तशीच राहू देतो. जे इथून बंद जातं ते तिथं बंदच राहतं. म्हणून नावं आणि वर्णनं जपून लिहावी लागत, आणि ते काम विनेशकडे होतं. सुविधा काय देते आणि बदल्यात काय घेते, दोन्ही तो एका ओळीत बसवायचा. त्यांची प्रमुख रुचिका नव्या लोकांना त्याच्या ओळी नमुना म्हणून दाखवायची. त्याला ते आवडायचं. आवडायचं हे आता आठवायलाही नको वाटायचं.

ही सुविधा मुळात त्याच्याच डोक्यातून निघालेली. थळच्या कोळीवाड्यात ळ नाही आणि ण नाही, आणि शब्दाच्या पोटातला ड जिभेवर र होऊन येतो. आई फोनमध्ये बोलायची आणि फोन भलतंच लिहायचा. ‘होरी बंदरान आयली’ असं ती म्हणाली, म्हणजे होडी बंदरात आली, की फोनवर उमटायचं ‘होळी बंदरात आली’. बाबा खाडीत गेलेत हे सांगायला ती ‘खारीन गेलाय’ म्हणायची आणि फोन बेकरीतली खारी लिहायचा. विनेशनं एकदा ते ऑफिसात दाखवलं होतं. सगळे हसले होते. तोही हसला होता, इतरांपेक्षा जरा जास्त वेळ. अठराव्या वर्षी कॉलेजच्या हॉस्टेलवर आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो ‘पानी तापलाय क’ असं विचारून बसला होता, आणि पुढचे तीन महिने न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून, त्याच्या आवाजाखाली ‘काळा, गोळा, पाणी, लोणी’ घोकत होता. जीभ टाळ्याला मागे वळवायची. मासळीचा वास अंगाला येतो म्हणून तो दोनदा आंघोळ करायचा, त्याच वेळात हेही उरकायचं. नंतर नंतर आईशी फोनवरसुद्धा तो शुद्धच बोलू लागला. सुरुवातीला ती हसायची, सायबासारखा बोलतंस म्हणायची. मग हसायची थांबली, आणि त्याच्याशी बोलताना शब्द निवडून, सावकाश बोलू लागली, जशी ती बाजारात पुण्याच्या गिऱ्हाइकाशी बोलायची.

पण आवाजाचे नमुने घ्यायला तो गेला ते दोन दिवस तसे नव्हते. मे महिना होता. ती पडवीत जवळा निवडत बसली होती, त्यानं फोन तिच्यासमोर पाटावर उभा करून ठेवला आणि सांगितलं, तू बोल, आपल्यासारखं बोल. ती आधी लाजली. याचा करणार काय, असं तिनं विचारलं. तो म्हणाला की मग फोनला तुझं बोलणं समजेल. यावर तिनं हातातला जवळा सुपात टाकला, फोनकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “मंग मना आता सालंत जावाला नको.” शाळेत म्हणायचं होतं तिला. मग ती बोलत सुटली. माशांची नावं सांगितली, वाऱ्यांची सांगितली. शेजारच्या गोदूशी पाण्याच्या नळावरून झालेलं भांडण दोन्ही बाजूंनी करून दाखवलं. खताचा कारखाना आला तेव्हा कुणाकुणाची जमीन गेली ते सांगितलं. विनेश लहानपणी एकदा पाण्यात वाहून चालला होता ते सांगताना मध्येच थांबली आणि पुन्हा जवळा निवडू लागली. चार तासांचं रेकॉर्डिंग झालं. पुढच्या वेळी तो घरी गेला तेव्हा बाजारातल्या बायका त्याला म्हणाल्या की तुझ्या आईनं सांगितलंय, फोनला आता आपली भाषा येणार.

नाव ठेवायला चौघे बसले होते. त्यानं आधी ‘थळ’ असं लिहिलं होतं. बाहेरच्या माणसाला त्यातून काय कळणार, असं रुचिका म्हणाली, आणि ते खरं होतं. ‘कोळी बोली’ म्हणावं तर हीच सवय आगऱ्यांत, आणखी कितीतरी लोकांत होती. मग विनेशच म्हणाला, ढिले उच्चार म्हणू. दुसऱ्या कुणाला हा शब्द सुचला नव्हता. सुविधा चालू केली की पॅकेज जड व्हायचं, थोडं सावकाश चालायचं, आणि प्रमाण बोलणाऱ्यांच्या बाबतीत अचूकता दीड टक्क्यानं उतरायची. रुचिकानं पेन खाली ठेवून त्याला सरळ विचारलं होतं : “तू तिकडचा आहेस. लोकांना ही लागणार असेल तर चालू ठेवूनच पाठवू. मी वर भांडते.” तिघांचे डोळे त्याच्याकडे होते. तिकडचा. त्याच्या कानशिलांवर घाम आला. तो म्हणाला की आता सगळ्यांनाच शुद्ध येतं, म्हातारी माणसं राहिलीत थोडी. आणि जागेवर जाऊन ओळ लिहिली : ‘काही वक्त्यांचे ळ-ल, ण-न, ड-र असे ढिले उच्चार समजून घेते. आकार व वेळ वाढतो. गरज असेल तरच चालू करा.’ पुढे बंद. कुणी एक अक्षरही बदललं नाही.

नोव्हेंबरातला तो गुरुवार. अकरा वाजून वीस मिनिटांनी आईचा निरोप आला, चौदा सेकंदांचा. तो मीटिंगमध्ये होता. आईचे निरोप ऐकायचं त्यानं कधीच सोडून दिलं होतं. ॲप त्याची अक्षरं करून देई, तेवढी तो वाचायचा. अक्षरं होती : ‘विनय साथीन काल येते उद्याला नाही होत येशील का.’ आई त्याला विन्या म्हणायची आणि फोन नेहमी विनय लिहायचा, ते सवयीचं होतं. कुणीतरी मैत्रीण यायची आहे, उद्या जमत नाही, तू ये, असा काहीसा अर्थ त्यानं लावला. शनिवारी ये म्हणून ती तशीही आठवडाभर मागे लागली होती. त्यानं टेबलाखाली फोन धरून अंगठा पाठवला. आईला लिहिलेलं फार वाचता येत नसे, पण अंगठा समजायचा. अंगठा म्हणजे हो.

चार वाजता गोदूचा फोन आला. तो खाली उतरून गाडीत बसला आणि चावी फिरवण्याआधी, का कोण जाणे, त्यानं ती अक्षरं पुन्हा वाचली. ज्यानं दोन दिवस बसून तिचे उच्चार वेगळे केले होते, त्याला ती पुन्हा जोडायला काहीच वेळ लागला नाही. छातीन कल येते. उठाला न्हाय होत. येशील क. छातीत कळ येते, उठवत नाही, येशील का. गाडी चालू झाली होती आणि पार्किंगमधला वॉचमन हात हलवून त्याला बाहेर काढत होता.

बाकीचं त्याला गोदूनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, रडत रडत, तुटक तुटक. ती दुपारी बाराला मीठ मागायला गेली तर नीराबाई भिंतीला टेकून बसलेली, अंग घामानं भिजलेलं. तिचा नवरा हरेश्वर बोटीवर. गोदू म्हणाली, चल, रिक्षा आणते, अलिबागला जाऊ. तर नीराबाईनं तिला फोनवर आलेला अंगठा दाखवला. “विन्यानं अंगठा धारलाय. येतंय तो. त्याच्याच गारीन जाते मी.” बेलापूरहून यायला अडीच तास लागतात हे तिला पाठ होतं. तिनं हिशेबानं लुगडं बदलून घेतलं, केस विंचरून घेतले आणि दारात येऊन बसली. दोन वाजले, अडीच वाजले. गोदूनं पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, तो येईल आणि मी घरात नसेन तर घाबरंल. तीनच्या सुमाराला ती बसल्या जागी कलंडली. रिक्षा थळ सोडून अर्ध्या वाटेवर गेली असेल, तेवढ्यात सगळं संपलं.

एवढं सांगून गोदूनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं की तुला रे इतका उशीर कसा झाला. तिच्या विचारण्यात काही नव्हतं. विनेश म्हणाला, वडखळला गाडी अडकली. वडखळचा खोळंबा सगळ्या जगाला माहीत, त्यामुळे कुणी पुढे काही विचारलं नाही. उलट दहा दिवस जो भेटायला येई तो त्याचं सांत्वन करताना त्या रस्त्याला शिव्या घालत असे. हरेश्वर भिंतीशी बसून ते ऐकायचा आणि मान हलवायचा. पाच महिने झाले होते. त्या खोट्याला आता घरातल्या वस्तूसारखी जागा मिळाली होती. आणि तो चौदा सेकंदांचा निरोप त्यानं अजून एकदाही वाजवून ऐकला नव्हता.

आता पडद्यावर अमिषाच्या प्रश्नाखाली रिकामी चौकट लुकलुकत होती. त्यानं लिहिलं : किनारी उच्चार. खोडलं. लिहिलं : कोळी-आगरी उच्चार समजून घेते. खोडलं. काय देते आणि बदल्यात काय घेते, एका ओळीत. त्याच्या बोटांना ती सवय इतकी होती की ती आपोआप पुढे जात होती, आणि ‘बंद ठेवल्यास’ असे दोन शब्द उमटले तेव्हा त्यानं हात मागे घेतले. तो उठला. शेजारच्यानं काय झालं म्हणून विचारलं, त्याला काहीतरी उत्तर दिलं. लिफ्टच्या आरशात त्याला स्वतःच्या मुठीत चहानं न भिजलेला, चुरगळलेला कागदी रुमाल दिसला.

तो गाडी घेऊन थळला निघाला. वडखळला आज रस्ता मोकळा होता. गाडी कुठेच थांबली नाही. तेवढ्या वेळात डोक्यात एक गोष्ट मात्र ठरत गेली, आणि थळच्या अलीकडे, कारखान्याच्या कुंपणाशी गाडी उभी करून त्यानं अमिषाला लिहिलं : हा पर्याय यादीतून काढ. उच्चार मूळ पॅकेजात घे आणि ते बंद करायची सोय ठेवू नकोस. नमुन्यांना हात लावू नकोस. ती माझी आई आहे. शेवटचं वाक्य पाठवल्यावर वाचलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्यानं ‘आहे’ लिहिलं होतं. अमिषानं ते पुढे पाठवलं असणार, रुचिकाचं उत्तर पाच मिनिटांत आलं. तिनं लिहिलं होतं की दीड टक्क्याचं मी बघते, आणि तू हे तेव्हाच का नाही बोललास. रुचिका खरंच भांडली. जूनमधल्या आवृत्तीत ते उच्चार मूळ पॅकेजात गेले, यादीत त्यांना नाव उरलं नाही आणि वर्णनाची गरजही उरली नाही. अमिषानं विनेशला तसं कळवलं तेव्हा त्यानं धन्यवाद लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. पण त्या संध्याकाळी कारखान्याच्या कुंपणाशी त्याला क्षणभर वाटलं होतं की आपण काहीतरी फेडलं, आणि आता बाबाला सांगता येईल.

हरेश्वर पडवीत बसून जाळं सांधत होता. आजकाल तो आठवड्यातून दोनदाच बोटीवर जायचा. अवेळी आलेल्या पोराला पाहून त्यानं पाटाकडे बोट दाखवलं, पाणी घे म्हणाला, आणि सुई पुन्हा जाळ्यात घातली. विनेशनं पाणी घेतलं नाही. तो खाली, बापाच्या समोर जमिनीवर बसला आणि बोलू लागला. त्याला वाटलं होतं की शब्द सापडणार नाहीत, पण ते न अडता येत गेले : त्या दिवशी मी वडखळला नव्हतो. मी निघालोच नव्हतो. तिचा निरोप मी ऐकला नाही, वाचला, आणि वाचला तो चुकीचा. ती अंगठ्याच्या भरवशावर वाट बघत बसली तेव्हा मी ऑफिसात जेवत होतो. फोनला तिचं बोलणं समजेल अशी सोय आम्ही केली होती, तिच्याच आवाजावर केली होती, आणि मीच ती बंद ठेवली, कारण मला चारचौघांत लाज वाटली. बोलता बोलता त्याच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ‘मना लाज वाटली’ असं गेलं, ते त्याला स्वतःला ऐकू आलं.

हरेश्वरची सुई थांबली होती. तो पोराकडे बघत नव्हता. अंगणापलीकडे बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि त्यांच्यातून पलीकडचं पाणी पट्ट्यापट्ट्यांनी दिसत होतं, तिकडे त्याची नजर होती. विनेश थांबला. बाप उठेल, मारेल, घरातून निघ म्हणेल, यातलं काहीही झालं असतं तरी त्याला चाललं असतं. गाडीत बसून त्यानं तेवढ्याचीच तयारी केली होती.

“मना बोलली होती ती,” हरेश्वर म्हणाला.

विनेशला आधी कळलं नाही.

“सकाली. मी निंघालू तवा. चाय देताना बोलली, छातीन कल येते, आज नको जाव.” त्यानं जाळ्याचा सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. “मी बोललू, पित्त झाला असल, ओवा खा. भरती सापरायची होती. मी गेलू.”

घरात कुठेतरी भांड्यावर झाकण सरकल्याचा आवाज झाला, मांजर असेल. विनेशच्या मनात येत होतं की बाबा, तुम्हाला काय माहीत असणार, पित्तच वाटतं कुणालाही. पण असलीच वाक्यं पाच महिने लोक त्यालाच ऐकवत होते, आणि ती किती पोकळ वाजतात ते त्याला माहीत होतं. बापही पाच महिने याच भिंतीला टेकून वडखळच्या रस्त्याला दिलेल्या शिव्या ऐकत होता.

“तुझा तो फोन तरी चुकला,” हरेश्वर म्हणाला. “मना तर सगला समजला होता.”

 ऊन अंगणातून सरकत भिंतीवर गेलं. शेवटी हरेश्वर गुडघ्यावर हात देऊन उठला, जाळं खुंटीला टांगलं आणि दव पडायच्या आत बोंबील काढायला हवेत असं म्हणून बाहेर गेला. विनेश त्याच्या मागे गेला. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले बोंबील त्याला आता पटकन सोडवता येत नव्हते. बापाचे हात मात्र न बघता चालत होते. हरेश्वरनं एक रांग उतरवली, दुसरी निम्मी उतरवली, आणि मध्येच त्याचे हात थांबले. त्यानं दोन्ही हातांनी बांबू घट्ट धरला आणि मान खाली घातली. त्याची पाठ हलू लागली, पण आवाज कसलाच आला नाही. विनेश दोन पावलांवर, हातांत बोंबलांची जुडी घेऊन उभा होता. त्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटत होतं, ठेवायचा अधिकार आपल्याला उरलाय का ते त्याला ठरवता येत नव्हतं, आणि तो तसाच मागे उभा राहिला.